फट बुजवली तेव्हा

मी निपाणीच्या कांताची दाढ. उजवीकडची, खालच्या ओळीतली. ती शाळेत जायला लागली त्याच सुमारास मी हिरडीतून वर आले. जोंधळ्याची भाकरी, भाजलेल्या शेंगा, उसाची कांडी. कशालाच मी कधी कुरकुरले नाही.

शेजारच्या दाढेत आणि माझ्यात फट पडली. तिथं घास अडकू लागला. ब्रश लागला की रक्त यायचं, म्हणून कांतानं भीतीनं ती बाजूच सोडून दिली. हळूहळू हिरडी माझ्यापासून सुटली आणि खाली खोल खिसा तयार झाला.

तिथं वस्तीला आले ते वाऱ्याला भिणारे जंतू. हवा खेळती असेल तिथं त्यांचा जोर चालत नाही. पण वरच्या थरातले जंतू हवा आधीच खाऊन संपवत आणि त्या आडोशाला हे खाली माजत. माझ्या मुळाजवळचं हाड झिजायला लागलं. तोंडाला वास यायला लागला.

कांता लग्नांत मंगलाष्टका म्हणायची. आता ती पदर तोंडाशी धरून बोलू लागली. लेकीचं, आरोहीचं, लग्न तोंडावर आलेलं. शेवटी ती बेळगावला दातांच्या डॉक्टर प्रियदर्शनींकडे गेली.

त्यांनी आतली घाण काढली. म्हणाल्या, "मावशी, हे जंतू बिनहवेच्या जागेत वाढतात. दातावर साचणारा थर रोज निघाला पाहिजे. ही फट छोट्या ब्रशनं साफ करा. ती बुजवायची मात्र नाही."

मला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

कांताचा धाकटा भाऊ अभिनंदन. आधी एका दवाखान्यात मदतनीस होता. आता स्वतः डॉक्टर नसूनही दातांचं दुकान थाटून बसलेला. लग्नाआधी तो घरी आला.

"आक्का, अजून वास येतोय गं. व्याही मंडळी जवळ बसणार. बुजवून टाकतो की."

"डॉक्टर नको म्हणाल्यात रं."

"त्यास्नी काय जातंय सांगायला? माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

तिनं तोंड उघडलं. पाठचा भाऊ तो. त्यानं दात भरायचा पांढरा मसाला फटीत दाबून बसवला, पार हिरडीच्या खालपर्यंत. वास दबला. लग्नात कांता पदर न धरता मंगलाष्टका म्हणाली. अभिनंदन मांडवभर सांगत होता, "आक्काचं दात मीच बरं केलं."

आत मी गुदमरत होते. हवा बंद, पू निघायला वाट नाही. जंतूंना हवं तेच मिळालं. पाठवणीनंतर थोड्याच दिवसांत कांताचा गाल सुजला, ताप चढला. ती तशीच भावाच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं बसलेली.

तो त्यांच्यासमोर म्हणाला, "मी कुठं हात लावलाय तुझ्या तोंडाला? बेळगावच्या बाईला इचार जा."

सुजलेला गाल धरून कांता परत फिरली.

प्रियदर्शनींनी तापावर औषध दिलं, पू काढला, पण मला वाचवता आलं नाही, उपटावंच लागलं. "हे कुणी बुजवलं?" त्यांनी विचारलं. भावाचं नाव कांतानं घेतलं नाही. तेव्हा मला तिचाही राग आला. जन्मभर तिची चाकरी केली, आणि मला मारणाऱ्याला ती पाठीशी घालत होती.

भाऊबीजेला अभिनंदन जेवायला आला. कांतानं वाढलं आणि बेळगावहून पुडीत बांधून आणलेल्या मला त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याचा पांढरा मसाला माझ्या अंगाला अजून चिकटलेला.

त्यानं तो लगेच ओळखला. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "आत ठेव ती, आक्का. कुणी तर बघंल."

लई दुखलं का, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

"बघू दे," कांता म्हणाली. तिनं ओवाळणीचं ताट उचललं आणि न ओवाळताच आत नेलं.

आता मी तिच्या खिडकीत उन्हात असते. तुमच्या हिरडीतून रक्त आलं, तर ती जागा टाकून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि कुणी मायेनं जवळ येऊन "बुजवून टाकतो" म्हणालं, तर तोंड उघडण्याआधी विचारा, आत काय कोंडतोयस?