दाखवायची चूल

रविवार होता. सिमेंटच्या घरातून मटणाचा वास सुटला होता आणि मागच्या गोठ्यात तीन दगडांच्या चुलीवर अनसाबाई पिठलं हाटत होती. कुरकुंभजवळच्या वाडीतलं ते घर तिच्या नवऱ्यानं, रखमाजीनंच बांधलेलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा हनुमंत कंपनीतून येऊन लाडात म्हणाला होता, "आबा, आता कशाला राबताय? रान आन् घर माझ्या नावावर करा. तुमच्या नावावर काय न्हाई म्हणल्यावर सरकारकडनं निराधारचा पगार चालू व्हतो."

रखमाजीनं खुरपं ठेवलं आणि बक्षीसपत्रावर अंगठा दिला. आईबापाला सांभाळायची अट मात्र त्यानं लिहून घेतली.

पाहणीला साहेब येणार म्हणून, म्हातारी माणसं वेगळी राहतात असं दिसावं यासाठी, हनुमंतनं गोठ्यात वेगळी चूल मांडून दिली. "चार दिसांचं नाटक हाय, आई." साहेब पाहून गेले, पगार चालू झाला, चूल तिथंच राहिली. सरकारनं आधार दिला तसा लेकानं आपला काढून घेतला. निलाजरेपणाला काही सीमा!

त्या रविवारी रखमाजी वाटी घेऊन दारात गेला. सून सुषमा म्हणाली, "मामा, कुणी बघितलं तर पगार बंद पडंल."

तो रिकामी वाटी घेऊन परतला. अनसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"प्रांतसाहेबांकडं अर्ज करायचा," ती म्हणाली.

"पोटचं पोर हाय गं."

"म्हणूनच सोडायची न्हाई."

सुनावणीत हनुमंतनं छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, आम्ही एकत्रच ऱ्हातो. एकाच चुलीवर जेवतो."

"मग पाहणीला येगळी चूल कुणी दावली?" अनसाबाईनं विचारलं. ती साहेबांकडे वळली. "आमीबी खोटं बोललो. त्यो पगार बंद करा. पर आमचं आमाला द्या."

बक्षीसपत्र रद्द झालं. अनसाबाईनं रान शेजारच्या विधवा रंगुबाईला निमवाट्यानं कसायला दिलं आणि घराला आपलं कुलूप घातलं.

"आई, आम्ही कुठं जायचं?" हनुमंतनं विचारलं.

तिनं गोठ्याकडे बोट केलं. "चूल मांडलेली हाय. चार दिसांचं नाटक समज."

पुढच्या रविवारी तिनं मटण शिजवलं आणि पहिली वाटी रखमाजीला भरून दिली. त्याचं लक्ष सारखं गोठ्याकडे जात होतं. तिनं उठून दार लावून घेतलं. तिला कठोर म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या गोठ्यात डोकावून यावं.