घरचा राग

ओढ्यात रंगाचं पाणी सोडणाऱ्या कारखान्याला टाळं लागलं, ते धाकटीच्या तक्रारीमुळे. गल्लीतल्या पोरांच्या अंगावर चट्टे उठायचे, म्हणून ती कोर्टापर्यंत गेली होती. चट्टे गेले, पण त्याच कारखान्यात कामाला असलेला तिचा दादा घरी बसला. तेव्हापासून त्याने तिच्याशी अबोला धरला. एका छपराखाली राहून दोघांचे निरोप वहिनी पोचवायची.

धाकटी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा वहिनी म्हणाली, "घरातली मतं गृहीत धरू नकोस हो. माझं काय ते मी बघेन."

चौकातल्या सभेत कारखान्यातलाच एक कामगार उठला. "पाणी स्वच्छ झालं, पण आमच्या चुली विझल्या. निदान सख्ख्या भावाला तरी विचारलं होतंस का?"

धाकटीचं पाठ केलेलं सगळं भाषण हवेत विरलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "तो नको म्हणाला असता, तर माझे हातपाय गळाले असते. म्हणून भ्याले."

लोक कुजबुजले. मागे, बंद दुकानाच्या फळीला टेकून दादा उभा होता. तो कधी आला, तिला कळलंच नव्हतं.

"पाणी साफ करायचं यंत्र बसवा, म्हणून मालकाला नोटिसांवर नोटिसा आल्या होत्या," तो सावकाश म्हणाला. "त्याने कानाडोळा केला. आपलं काम त्याने घालवलं. हिच्यावर माझा राग आहे, पण तो घरचा आहे. तो कुणी चौकात वापरू नये."

एवढं बोलून तो निघून गेला.

धाकटी हरली. कामगारांच्या वस्तीने तिला जवळजवळ मतच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तोंड धुऊन नुसतीच ओट्याशी उभी होती. दादा चपला घालून दारात आला.

"मी तुला मत दिलं नाही," तो म्हणाला.

"वाटलंच होतं."

"मालक आलाय म्हणे. आम्ही चौघं जाऊन यंत्राचं बोलणार आहोत. पण कायद्याचं काढलं की आमची दातखीळ बसते. चल."

"राग गेला?"

"नाही. चल तू."

तिने ओले हात ओढणीला पुसले आणि त्याच्या मागोमाग निघाली.