खाचरांची वाट

ठकुबाईने जुनं लुगडं दुहेरी करून खांद्यावरून घेतलं, मालकिणीच्या बाळाला पाठीशी बांधलं आणि गाठ ओढून पाहिली. मग डाकबंगल्याचं मागचं दार लोटून ती बाहेर आली. खानसामा मल्लाप्पा पायरीवर तांदूळ निवडत बसला होता. तिने त्याला कानडीत विचारलं,

"अण्णा, ती पायऱ्यांची शेतं कुठल्या अंगाला?"

मल्लाप्पाने आधी बाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"साहेब परत यायच्या आत येशील का, अक्का?"

"येईन, न्हाईतर न्हाई. तू वाट सांग."

त्याने सुपानेच दरीकडे दाखवलं. "त्या फणसामागनं उतार आहे. स्वल्प जपून. शेवाळ आहे."

एकसष्ट साल. दसरा नुकताच उलटला होता. बंगळूरहून निघायच्या आधी मालकीण हेमलताबाईंनीच तिला गळ घातली होती. ठकुबाई चामराजपेटेतल्या एका वठारात, म्हणजे चाळीत राहायची आणि बाईंना बाळ झाल्यापासून जयनगरला त्यांच्या घरी कामाला यायची. परगावी जायला ती काही राजी नव्हती. तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, मडिकेरीला डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आहे. राजाचा किल्ला आहे. तुलाही सगळं दाखवू." ठकुबाईने हे वठारात सांगितलं, तर शेजारची भागुबाई फिसकन हसली. "तुला कोण दाखवतंय? पोर धरायला नेत्यात." त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली होती.

इथे आल्यावर पहिल्या दिवशी गाडीत साहेबांचे मित्र होते, जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी बाळाला सर्दी झाली. दोन्ही वेळा बाई "तुला उद्या नेऊ" म्हणाल्या होत्या. आज निघताना त्यांनी फक्त बाळाच्या दुधाचं सांगितलं. 'उद्या' हा शब्दही आज त्यांच्या तोंडून आला नाही.

उताराला लागल्यावर धुकं इतकं दाट होतं की पुढचं पाऊल टाकण्याआधी ती अंगठ्याने वाट चाचपायची. पाठीवर बाळ हुंकार देत होतं. एकदा तिचा पाय सरकला. तिने झुडूप धरलं, दुसऱ्या हाताने बाळाची गाठ चाचपली. परत फिरावं असं मनात आलंच. पण वर जाऊन त्या रिकाम्या ओसरीत बसायचं, या विचाराने तिचे पाय पुन्हा खाली वळले.

आणि मग धुकं डोक्यावर राहिलं. ती त्याच्या खाली उतरली होती.

समोरचा सगळा डोंगर खाचरांनी उतरत होता. वरची हिरवी, मधली पोपटी, पार खालची पिवळी पडायला लागलेली. एका खाचरातलं पाणी बांधाच्या फटीतून दुसऱ्यात पडत होतं, तिथून तिसऱ्यात, आणि त्या झुळझुळीशिवाय दरीत आवाज नव्हता. कुठूनतरी उन्हाची तिरीप आली नि एक अख्खी ओळ उजळली.

निपाणीकडे ठकुबाईने निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात घालवलं होतं. कंबर वाकवून, खाली बघत. शेताकडे नुसतं उभं राहून बघायचा प्रसंग तिला कधी आलाच नव्हता. ती बांधावर बसली. बाळाला सोडवून मांडीत घेतलं, त्याचे पाय पाण्यात बुडवले. बाळ खिदळलं.

पलीकडच्या बांधावर एक म्हातारी तण काढत होती. तिने कपाळावर आडवा हात धरून कानडीत विचारलं, "कुणाकडे आलीस? काम आहे का?"

"काम न्हाई," ठकुबाई म्हणाली. "बघायला आलेय."

म्हातारीने मान डोलावली आणि पुन्हा तणाला हात घातला. ठकुबाई ऊन सरकेपर्यंत तिथेच बसून राहिली.

ती वर आली तेव्हा गाडी अंगणात उभी होती. बाई पायऱ्या उतरून धावत आल्या, बाळाला तिच्याकडून ओढून घेतलं, त्याच्या पायांचा चिखल पाहिला. साहेब ओसरीच्या कडेला उभे होते.

"कुणाला विचारून गेलीस?"

"कुनाला न्हाई."

"बाळाला काही झालं असतं म्हणजे?"

"माझ्या हातात आजवर काय झालंय त्याला, साहेब?"

"उलट बोलू नकोस! तुला इथं आणलं कशाला?"

"दाखवायला," ठकुबाई म्हणाली. "बाईंनी तसंच सांगितलं हुतं."

बाई बाळाचे पाय पदराने पुसायला लागल्या. ते पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"बंगळूरला गेल्यावर दुसरं काम बघ," साहेब म्हणाले.

"सरी."

'बरं' म्हणावं तसा तो कानडी शब्द सहज गेला, पण न्हाणीघरात तिने एकच दुपटं तीनदा पिळलं. दिवेलागणीला बाई मागच्या ओसरीवर आल्या.

"माफी माग त्यांची. विसरून जातील."

"कशाची माफी, बाई?"

बाई खांबाला टेकून त्या पांढऱ्या दरीकडे बघत राहिल्या.

"रोज त्या राजाची गादी म्हणतात त्या कड्यावर जाऊन उभे राहतो. सगळं धुकंच. काही म्हणजे काही दिसलं नाही." मग आवाज खाली आणून, "तुला दिसलं?"

"दिसलं. खाली ऊन हुतं."

बाई आत गेल्या.

सकाळी सामान चढलं. साहेबांचा राग ओसरला होता, किंवा परतीचा घाट डोळ्यांपुढे आला असावा.

"चल, बस मागे," ते म्हणाले. "झालं ते झालं. काम सोडायचं कारण नाही."

ठकुबाईने बाळाला टोपडं घालून, दूध पाजून तयार केलं होतं. तिने त्याला बाईंच्या हातांत दिलं आणि आपलं गाठोडं काखेत मारलं.

"मी बसनं येते, साहेब. किल्ला बघायचा ऱ्हायलाय."

"किल्ला?"

"व्हय."

"आणि घाटात याला कोण धरणार?"

"आई हाय की त्याची."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी बाळाला खांद्यावर नीट घेतलं. पुढचं दार त्यांच्यासाठी उघडं होतं, पण त्या मागे जाऊन बसल्या. बाळाने ठकुबाईकडे झेप घेतली आणि भोकाड पसरलं. तिने गाठोडं घट्ट आवळलं. हात पुढे केला नाही.

गाडी सुरू झाली. मागची काच खाली आली.

"ठकुबाई," बाई म्हणाल्या. रडणाऱ्या बाळाला थोपटत त्या क्षणभर अडखळल्या. "सोमवारी या."

साहेबांनी चमकून मागे वळून पाहिलं.

"बघते," ठकुबाई म्हणाली, आणि किल्ल्याच्या चढाला लागली.