गाळ काढलास ना?

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. जन्माने न्हाणीघराची, आत हात जाईल एवढी रुंद. उरलेला हातभर तुकडा म्हणून मला भंगारात टाकलं होतं. तिथून या घरच्या सुनेने मला उचललं, तापलेल्या खिळ्याने अंगभर भोकं पाडली आणि भाताच्या खाचरात अर्धं पुरलं. जीव नुसता कासावीस झाला. पण भंगारात पडून राहण्यापेक्षा हे बरं, म्हणून गप्प बसले.

माझं काम सोपं होतं. भातात सतत पाणी तुंबलं की खालचा चिखल कुजतो, त्यातून मिथेन नावाचा वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि हवा तापवतो. म्हणून पाणी अधूनमधून आटू द्यायचं. वरून जमीन कोरडी दिसली तरी खालचं पाणी भोकांतून माझ्यात तेवढ्याच उंचीवर यायचं; ते कुठवर आहे, हे माझ्यात डोकावलं की कळायचं. वीतभर खाली गेलं की पुन्हा पाणी सोडायचं.

सुनेच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हे मुळीच पटेना. "उभा जन्म भातात गेला माझा. आता न्हाणीतली नळी मला शेती शिकवणार?"

"शिकवत नाही हो बाबा, नुसतं पाणी दाखवते," सून म्हणाली.

त्या हंगामात भात झकास आला, पाणीही वाचलं. मग काय, बाबांची स्वारी खूश! रोज सकाळी काठी टेकत यायचे, आत हात घालून गाळ काढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, "बघा, आमच्या खाचरात बुडबुडे नाहीत!" ते ऐकून शेजाऱ्यांनीही आपापल्या खाचरांत नळ्या पुरल्या. तेव्हा मी खरंच सुखात होते.

पुढच्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. सून त्यांच्याबरोबर दवाखान्यात राहिली. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "नळीतला गाळ काढत जा." तो "हो गं, हो" म्हणाला आणि विसरला. गाळाने माझी भोकं बुजली. जुनं पाणी आत अडकून बसलं आणि बाहेर जमीन तडकत गेली. तो रोज यायचा, डोकावायचा, "आहे की पाणी!" म्हणत निघून जायचा. अरे, हात घालून बघ की जरा! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला? नेमका भात निसवायच्या, लोंबी धरायच्या दिवसांत हा घोळ झाला. लोंब्या पोचट निघाल्या. घरचं वर्षाचं धान्य गेलं.

"खड्ड्यात गेली ती नळी!" म्हणत त्याने मला उपटलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात फेकलं. ते पाहून शेजाऱ्यांनीही आपापल्या नळ्या उपटल्या. सून परत येऊन रडली, भांडली. कुणी ऐकलं नाही. आता खाचरं पुन्हा काठोकाठ भरलेली असतात. गोठ्याच्या दारातून मला बुडबुडे दिसतात आणि फार वाईट वाटतं.

बाबा घरी आले आहेत, पण उठत नाहीत. त्यांची खाट भिंतीपलीकडेच आहे. रोज संध्याकाळी विचारतात, "सूनबाई, नळीत पाणी किती?"

"वीतभर खाली गेलंय, बाबा. उद्या सोडू."

"गाळ काढलास ना?"

"काढला, बाबा."

त्याआधी ती रोज गोठ्यात येते, मला मांडीवर घेते आणि आत हात घालून पुसते. माझ्यात आता काढायला काहीच नसतं. निदान एक उत्तर तरी खोटं पडू नये, म्हणून पुसते.

मित्रांनो, तुमच्या शेतात माझी एखादी बहीण उभी असेल, तर नुसतं डोकावून जाऊ नका. आत हात घाला.