पावणेअकराला वाचनालय बंद

आमच्या कामिनुमा शाखा वाचनालयात रोज संध्याकाळी बंद व्हायच्या आधी एक धून वाजते. ती वाजली की माणसं उठतात. पान अर्धं राहिलेलं असो की डुलकी लागलेली असो, उठतात, वर्तमानपत्र जागेवर अडकवतात, खुर्ची आत सरकवतात, काउंटरकडे बघून कमरेत वाकतात आणि चालू लागतात. एकोणीस वर्षांत मला एकालाही 'बंद करायचंय, उठा' म्हणावं लागलेलं नाही. आमच्या जपानात दुकानात हीच रीत, पोहण्याच्या तलावावर हीच रीत. धून वाजल्यावर बसून राहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्या मंगळवारी ती धून सकाळी पावणेअकराला वाजली.

आणि अकराला नगरपालिकेचे मुगुरुमासाहेब यायचे होते. आमची शाखा विनामाणूस करायची असं वरती घाटत होतं. दाराला कार्डाचं कुलूप, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे, पुस्तकं देणारं-घेणारं यंत्र, आणि एप्रिलपासून आम्ही तिघं घरी. तिघं म्हणजे शाखाप्रमुख मी, नाव कुरामोची, जिभेने तिखट असं माझ्यामागे म्हणतात आणि ते खरं आहे. काउंटरवरची मादोका, सव्वीस वर्षांची, दर वर्षी नवा करार होईपर्यंत जीव मुठीत धरून बसणारी. आणि दारावरचे रखवालदार नागुमोकाका, वय एकाहत्तर, उभा जन्म रेल्वेच्या फलाटावर काढून निवृत्त झालेले. सगळं साहेबांच्या अहवालावर होतं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, मी तासभर फक्त बघेन. यंत्र करू शकत नाही असं तुम्ही काय करता, तेवढंच मला बघायचंय.

नशीब म्हणजे सोमवारी आम्हाला सुट्टी, त्यामुळे मंगळवारी वाचक उपाशी असल्यासारखे येतात. साडेदहालाच एकही खुर्ची रिकामी नव्हती. मादोका येता-जाता मोजत होती, त्रेचाळीस. मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

आता काकांची खोड सांगायला हवी. रेल्वेचा माणूस कुठलीही गोष्ट नुसती बघत नाही. तिच्याकडे बोट रोखतो आणि मोठ्याने बोलतो. काका रोज सकाळी पांढरे हातमोजे चढवून इमारतभर फिरतात. 'मागचं दार, कुलूप, ठीक!' 'आग विझवायची नळकांडी, जागेवर, ठीक!' त्या दिवशी साहेब येणार म्हणून त्यांनी दुसरी फेरी काढली. पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि अंतराचा अंदाज अजून यायचा होता. काउंटरमागच्या कपाटासमोर उभे राहून त्यांनी खणखणीत आवाजात 'बंदची धून, बंद, ठीक!' म्हटलं आणि रोखलेलं बोट थेट बटणावर टेकलं.

ती धून एकदा सुरू झाली की पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. मी बटणावर बुक्क्या मारल्या, काही उपयोग झाला नाही. मागे त्रेचाळीस खुर्च्या सरकल्या.

मी दारात आडवी उभी राहिले. सांगत सुटले की चूक झालीय, कृपा करून बसा, वाचनालय उघडं आहे. लोक माझ्यासमोर वाकत होते, दमला असाल म्हणत होते आणि माझ्या बगलेतून निसटत होते. शेवटी मी उबुकातांची बाही धरली. हे रोज उघडायच्या आधीच दारात हजर असणारे आणि मग खिडकीजवळ पेपर वाचणारे गृहस्थ. म्हटलं, निदान हे तरी ऐकतील.

"धून वाजलीय, बाई," ते म्हणाले.

"अहो, चुकून वाजली."

"असेल. पण वाजली ना? आता मी एकटा बसून राहिलो तर कसं दिसेल ते?"

"घड्याळ बघा तुमचं. पावणेअकरा वाजलेत."

त्यांनी घड्याळ बघितलं, कानाला लावलं. "बघा," ते हळहळत म्हणाले, "हेही बिघडलं." आणि गेले.

चार मिनिटांत वाचनालय धुतल्यासारखं रिकामं झालं. मला हसावं की रडावं कळेना. काका काटकोनात वाकून उभे होते आणि जमिनीकडे बघतच राजीनामा देतो म्हणत होते.

"राजीनामा मागाहून द्या," मी म्हटलं. "आधी माणसं द्या."

तेव्हा मादोका म्हणाली, "बाई, आपण बंद झालोय ना? मग उघडूया की. रोज सकाळी उघडतो तसं."

पोरगी बरोबर बोलत होती. नियमाने बाहेर गेलेली माणसं विनवण्यांनी परत येणार नव्हती, नियमानेच येणार होती. फक्त ती घरी पोचायच्या आत अडवायला हवी होती.

काका ताठ झाले. पळत अंगणात गेले, शिट्टी फुंकली आणि फलाटावरचा तो जुना आवाज काढला. वाचनालय अकरा वाजता उघडेल, वाट बघणाऱ्यांनी दोन रांगांत, पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहावं. आमच्या अंगणात पिवळी रेष नाही. तरीही सगळे एक पाऊल मागे सरकले. सायकलचं कुलूप काढलेल्यांनी ते पुन्हा लावलं. बाजारातून पातीचे कांदे घेऊन चाललेल्या एक बाई इथे काय मिळतंय असं विचारत रांगेत शिरल्या, आणि कुणाला नीट सांगता येईना तरी तिथून हलल्या नाहीत.

अकराच्या ठोक्याला मुगुरुमासाहेब आले, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. काकांनी त्यांना बोटाने रांगेचं शेपूट दाखवलं. साहेब मुकाट्याने जाऊन कांदेवाल्या बाईंच्या मागे उभे राहिले. मी दारातून ते बघत होते आणि गालाचं मांस दातांत धरून ठेवलं होतं.

आम्ही दार उघडलं, ओळीने वाकलो, सुप्रभात म्हटलं. रांग आत आली. जो तो आपल्या मघाच्याच खुर्चीवर जाऊन बसला आणि मघाचंच पान उघडलं. कांदेवाल्या बाईंनी मादोकाकडून नवं कार्ड करून घेतलं.

साहेब भारावून गेले होते. मंगळवारी, एका शाखेसमोर, उघडायच्या आधी एवढी रांग! इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही, हे मी लिहिणार, असं म्हणत त्यांनी पेन काढलं. मादोकाने मागून माझ्या कंबरेला चिमटा काढला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. मला गप्प बसता आलं असतं तर आयुष्यात बरंच काही मिळालं असतं. पण खोट्या रांगेवर तिघांची भाकरी भाजायला मन धजेना. मी सगळं सांगितलं, धून, बोट, मोतीबिंदू, शिट्टी. काका पुन्हा काटकोनात गेले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग ते सरळ खिडकीपाशी गेले आणि उबुकातांना विचारलं की एकदा बाहेर पडला होतात, तर परत का आलात? पेपर तर घरीही येतो ना?

उबुकातांनी पेपर खाली केला. शेजारच्या टेबलांवरची पानं उलटायची थांबली.

"येतो की," ते म्हणाले. "पण घरी मला कुणी या म्हणत नाही आणि जाही म्हणत नाही, साहेब. इथे ही माणसं दोन्ही म्हणतात."

आणि त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर वाकत होता आणि मी त्याला खिडकीजवळचा ग्राहक समजत होते.

साहेब बराच वेळ तिथेच उभे राहिले. एक तास बघणार म्हणाले होते, दीड तास बघत होते. मग काउंटरवर आले, फाइल उघडली, तिच्यातला 'विनामाणूस' हा शब्द माझ्या डोळ्यांदेखत खोडला आणि वर न बघता विचारलं, "बाई, तीन माणसं पुरतात का हो तुम्हाला?"

मादोका खाली पडलेलं पेन शोधायला म्हणून काउंटरखाली वाकली. पेन काही पडलेलं नव्हतं. तिचे खांदे गदागदा हलत होते, हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.