चौकोनाबाहेरची माय

मी एक जुनी थीम आहे. मित्रांनो, थीम म्हणजे वेबसाइटचा साज. तुम्ही मोबाइलवर फोटोंची गॅलरी उघडता, तेव्हा कोणता फोटो कुठे आणि केवढा दिसेल हे मी ठरवते. ठरवते कसली, मला शिकवले असेल तसे करते.

गोंदियाजवळच्या कुडव्यात उर्वशी नावाच्या मुलीने मला घडवले. समोर मोठा पडदा असो की तळहाताएवढा मोबाइल, मी त्याप्रमाणे माझा आकार बदलत असे. फोटो मात्र अख्खा ठेवत असे. आडवा तो आडवा, उभा तो उभा. इतक्या मायेने मला पुढे कोणी हात लावला नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या हिमांशूने मला आपल्या स्टुडिओसाठी घेतले. अल्बम आता कोण बघते, असे म्हणून तो लोकांना फक्त लिंक पाठवायचा. अर्जुनी मोरगावकडच्या दुलारीच्या लग्नाचे फोटो असेच माझ्याकडे आले. त्यांतल्या एका आडव्या फोटोत मधोमध नवरा-नवरी, दोन्हीकडे पाहुणे आणि अगदी कडेला दुलारीची आई सुलोचनाबाई. नवरा गेलेल्या बाईने मधे यायचे नसते, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. लेकीसाठी पाण्याचा स्टीलचा गिलास धरून ती लेकीकडे पाहत हसत होती. मी तिला नीट पाहिले आहे.

पण मोबाइलवर फोटोंच्या रांगा वेड्यावाकड्या दिसतात, अशी हिमांशूची कुरकुर सुरू झाली.

"सब एका साइजचे चौकोन पाहिजेत," तो उर्वशीला म्हणाला.

"कडेचे लोक कटून जातील, भैया."

"कडेले कोण पाहून राहिला? बीच में जोडा दिसला, बस."

उर्वशीने मान खाली घातली आणि मला बदलले. पुढे वेबसाइटची जागा भरली, म्हणून हिमांशूने मूळ फोटो पुसून टाकले आणि कापलेले चौकोन तेवढे ठेवले. लोक मला मॉडर्न म्हणू लागले. त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

गेल्या हिवाळ्यात सुलोचनाबाई वारली. तेराव्या दिवशी, तेरवीला, तिचा फोटो हवा होता. आयुष्यभर ती कॅमेऱ्यापासून पळत आलेली. नातेवाइकांचे मोबाइल धुंडाळून झाले. त्यांनीही नवरा-नवरीच टिपली होती. शेवटी दुलारी बसने गोंदियाला आली आणि स्टुडिओत हिमांशूपुढे तिने मला उघडले. चौकोनाच्या काठावर एक हात होता आणि हातात स्टीलचा गिलास.

"माझी माय इथंच उभी होती जी," ती म्हणाली. "काऊन कापलं तिले?"

"दीदी, ओरिजिनल तर डिलीट झाला. हार्ड डिस्क पण साफ केली. आता एवढाच आहे."

दुलारी बसने परत गेली. तेरवीला आईच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्यालाच हार घातला. त्यात ती बाई कोणाचीच आई वाटत नव्हती, असे दुलारीने नंतर उर्वशीचा नंबर मिळवून तिला फोनवर सांगितले. उर्वशी रडली. हिमांशूने नवी थीम घेतली आणि मला जुन्या फोटोंसह एका कोपऱ्यात टाकले.

मित्रांनो, तुमच्या घरचे फोटो कोणाच्या लिंकवर सोडून देऊ नका. आणि फोटो सुबक करायला निघालात, तर आधी त्याच्या कडेला कोण उभे आहे ते बघा. मधल्या माणसांचे फोटो सगळेच काढतात.

माझ्याकडे आता दुलारीशिवाय कोणी येत नाही. ती तोच चौकोन उघडते, दोन बोटांनी मोठा करते आणि बोटाने बाजूला सरकवत राहते, जणू थोडे आणखी सरकवले की त्या हातामागची माय दिसेल. तिने बोट उचलले की मी फोटो पुन्हा मधोमध आणून ठेवते. मला तेवढेच शिकवले आहे.