चौथा खांदेकरी

"चौथा कोण?" तिरडीची शेवटची गाठ मारून दयारामने विचारलं.

सांगणार काय, कपाळ! अंगणात उभं होतं कोण? साठी उलटलेल्या आम्ही बायका, आणि पुरुषांत दयाराम, मोतीबिंदूवाला विनेश अन् खालच्या मोहल्ल्यातला मकसूद. ओट्यावर बसले होते बापू, ज्यांची बायको पहाटे गेली. त्यांनी मडकं धरून पुढे चालायचं. म्हणजे खांदेकरी तीनच.

अनुसूयाने जाण्याआधी नवऱ्याकडून एकच शब्द घेतला होता. मी केसर, तिची शेजारीण, माझ्यासमोरच घेतला. "मला गाडीत घालू नका. खांद्यावरून न्या." बापू "व्हय" म्हणाले होते. तशी साधी मागणी. पण आमच्या वाडीत आता साधं काही राहिलेलंच नाही. तरणी पोरं पनवेल-मुंबईला, घरांना कुलपं, शाळा बंद. तेराव्याचं जेवण उठसूट असतं, आणि शेवटचं बारसं कोणाचं झालं यावर आम्ही म्हाताऱ्या भांडत बसतो.

"मी देते खांदा," मी म्हटलं.

"गप गं केसर," दयाराम खेकसला. "पाखाडीच्या पायऱ्या उतरून खाडीपर्यंत जायचंय. तुझं गुडघं तुलाच नेत न्हाईत."

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

तेवढ्यात दिपेश आला. वाडीत राहिलेला एकच तरणा गडी. चपला काढून सरळ तिरडीजवळ गेला. "मी हाय की. उचला."

कोणी हात लावेना. दिपेशची बायको निवेदिता सातव्या महिन्याची पोटुशी होती. याआधी दोनदा तिचं पोर पोटातच गेलं होतं. आणि आमच्याकडे पोटुशीच्या नवऱ्याने मढ्याला खांदा द्यायचा नसतो.

"असं काय बघताय? जुन्या गोष्टी हायत त्या," दिपेश म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच साथ देत नव्हता. समोरच्या दारात निवेदिता चौकट धरून उभी होती. ना हो म्हणाली, ना नको.

खरं सांगते, मला हे असलं पटत नाही. गेलेली बाई कशाला कोणाच्या पोराच्या वाटेला जाईल? त्यातून अनुसूया, जिने जन्मभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊ-माखू घातली! पण दोनदा रिकामी झालेली पोर समोर उभी असताना हे बोलायला जीभ रेटेना. आणि अनुसूयाला दिलेल्या शब्दाचं काय?

बापू ओट्यावरून उठले. त्यांनी दिपेशचा हात तिरडीवरून काढला.

"तू मागं हो."

"बापूकाका, काकीनं शब्द घेतलाय तुमच्याकडनं."

"घेतलाय. तिचं मी बघून घेईन."

"पण काका..."

"आमाला झालं न्हाय रे पोर," बापू म्हणाले. "तुझं तरी होऊ दे. जा, तिच्याजवळ बस." मग ते वळले. "मकसूद, टेम्पो आण बाबा."

मकसूदचा टेम्पो मासळीचा. त्याने तो पुन्हा पुन्हा पाणी मारून धुतला, घरातली नवी चटई आणून अंथरली. "माफ करा बापू, वास ऱ्हायलाच थोडा," एवढंच तो म्हणाला.

हिरव्या लुगड्यातल्या अनुसूयाला आम्ही वर चढवलं. सवाष्ण गेली, भाग्याची हो, असं बायका म्हणत होत्या. भाग्य म्हणे! एवढ्या आयुष्यात एक मागणी केली, तीही मिळाली नाही. सकाळपासून धरून ठेवलेलं रडू मला तेव्हा फुटलं.

मडकं दयाराम पुढे घेऊन बसला. बापूंनी त्याला तसं सांगितलं, आणि स्वतः मागे चढून ते तिच्या उशाशी बसले. तिचं डोकं हलू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मकसूदने गाडी सुरू केली, तसे ते पुढे वाकले.

"हळू घे रे," ते म्हणाले. "हिला गाडी लागते."